अमेरिकेत टीव्हीवर खेळ पाहायचेत? आधी मॅच मोजा, मग चॅनेल

काही वर्षांपूर्वी एका सोमवारी संध्याकाळी आम्ही तीन-चार कुटुंबं फुटबॉल बघायला एका मित्राकडे जमलो होतो. टीव्ही लावला तर मैदानाच्या जागी नुसती एक पाटी. चॅनेलच्या मालकाने अवाजवी पैसे मागितल्यामुळे हे चॅनेल सध्या दिसणार नाही, आम्ही तुमच्यासाठीच भांडतो आहोत, वगैरे. मित्र त्या कंपनीला महिन्याला शंभरच्या वर डॉलर मोजत होता. अर्धा तास पासवर्ड शोधण्यात गेला. शेवटी शेजारचे आजोबा आले, त्यांनी स्वतःच्या घरातून सशाच्या कानांसारखा एक जुना अँटेना आणला, टीव्हीच्या मागे लावला आणि दहा मिनिटांत मॅच सुरू झाली. त्या दिवशीचा सामना एबीसीवरही होता, आणि एबीसी हवेतून फुकट येतं हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तेव्हापासून मी दर ऑगस्टमध्ये बसून खेळांच्या खर्चाची मांडणी करतो. तीच इथे पायरीपायरीने देतोय. अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे. किमती २०२५ च्या आहेत आणि त्या खाली येण्याची शक्यता फार कमी, त्यामुळे कार्ड काढण्याआधी एकदा तपासून घ्या.

पैसा जातो कुठे

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगने २०२१ मध्ये प्रक्षेपणाचे जे करार केले, ते ११ वर्षांचे आणि सुमारे ११० अब्ज डॉलरचे होते. बास्केटबॉलच्या एनबीए लीगचा २०२५-२६ पासून सुरू झालेला करारही ११ वर्षांचा, सुमारे ७७ अब्जांचा. चॅनेलवाले ही रक्कम केबल कंपन्यांकडून वसूल करतात आणि केबल कंपन्या तुमच्याकडून. केबलसारखीच चॅनेल इंटरनेटवरून देणारं यूट्यूब टीव्ही २०१७ मध्ये ३५ डॉलरला सुरू झालं, जानेवारी २०२५ मध्ये ते ८२.९९ वर पोचलं. पीकॉक या एनबीसीच्या स्ट्रीमिंग सेवेचा जाहिरातींसकटचा प्लॅन २०२३ च्या सुरुवातीला ४.९९ ला होता, जुलै २०२५ मध्ये १०.९९ झाला. पीकॉकची वाढ हल्ली उन्हाळ्यात येते, म्हणजे ऑलिंपिक किंवा नवा मोसम तोंडावर असताना. किंमत वाढवायची वेळ ग्राहकाला गरज असतानाचीच असते.

त्यात खेळ विखुरले. पूर्वी एका केबलमध्ये सगळं यायचं. आता एकाच संघाचे सामने पाच-सहा ठिकाणी असतात. म्हणून ‘कोणती सेवा चांगली’ हा प्रश्नच मी आधी विचारत नाही.

पायरी १: कागद घ्या आणि खरं लिहा

गेल्या वर्षी तुम्ही कोणत्या मॅच पूर्ण, निदान अर्ध्याहून जास्त, बघितल्या ते लिहा. ‘बघायला आवडतात’ असं लिहू नका, बघितल्या तेवढ्याच धरा. मी पहिल्यांदा यादी केली तेव्हा जरा ओशाळलोच. स्वतःला बेसबॉलचा चाहता म्हणवत होतो आणि मोसमातल्या १६२ पैकी फार तर आठ सामने नीट पाहिले होते, तेही ऑक्टोबरमध्ये.

मग प्रत्येक खेळापुढे तीन गोष्टी लिहा. तुमचा संघ तुम्ही राहता त्या शहराचाच आहे की लांबचा? तुम्हाला सगळा मोसम हवा की फक्त शेवटची महत्त्वाची झुंज? आणि लाइव्हच बघायचंय की रात्री मुलं झोपल्यावर रेकॉर्डिंग चालेल? या तीन उत्तरांवर निम्मा खर्च ठरतो. संघ गावातलाच असेल आणि खेळ फुटबॉल असेल तर जवळजवळ फुकटात भागतं. लांबच्या शहरातला संघ आणि सगळा मोसम हवा असेल, तर खिशाला चाट बसणारच.

पायरी २: कोणता खेळ कुठे लागतो

एनएफएल: रविवारी दुपारी सीबीएस आणि फॉक्स, रविवारी रात्री एनबीसी, सोमवारी ईएसपीएन आणि काही वेळा एबीसी, गुरुवारी प्राइम व्हिडिओ. २०२४ पासून नाताळच्या दिवशीचे सामने नेटफ्लिक्सवर. ऐकून धडकी भरते, पण इथे एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. सामना केबलवर असो की स्ट्रीमिंगवर, खेळणाऱ्या दोन्ही संघांच्या घरच्या शहरांत तो एखाद्या साध्या हवेतल्या चॅनेलवर दाखवलाच जातो, हे एनएफएलचं धोरण आहे. जानेवारी २०२४ मध्ये कॅन्सस सिटी आणि मायामीचा प्लेऑफ सामना फक्त पीकॉकवर म्हणून देशभर आरडाओरडा झाला, पण त्या दोन शहरांतल्या लोकांनी तो एनबीसीच्या स्थानिक स्टेशनवर फुकट पाहिला. म्हणजे गावातल्या संघाचे सगळे सामने अँटेनावर मिळतात. संघ लांबचा असेल तर रविवार दुपारच्या सामन्यांसाठी यूट्यूबवरचं संडे तिकीट लागतं, त्याला मोसमाचे शेकडो डॉलर पडतात, आणि गुरुवार, रविवार रात्र, सोमवार यातलं त्यात काहीच येत नाही. घेणारे अनेकजण हे घेतल्यावर वाचतात.

एनबीए: एबीसी आणि ईएसपीएन, एनबीसी आणि पीकॉक, शिवाय प्राइम. अंतिम मालिका एबीसीवर. लीग पास या एनबीएच्या स्वतःच्या स्ट्रीमिंग पॅकेजमध्ये तुमच्या भागातल्या संघाचे सामने आणि देशभर दाखवले जाणारे सामने लाइव्ह दिसत नाहीत. न्यू जर्सीत बसून शेजारच्या न्यू यॉर्कचा निक्स संघ बघण्यासाठी तो घेणं म्हणजे चुकीच्या गाडीचं तिकीट काढणं. न्यू जर्सीत राहून डेन्व्हर बघायचं असेल तर मात्र कामाचा आहे.

बेसबॉलचा कारभार सगळ्यात विचित्र. लीगच्या स्वतःच्या स्ट्रीमिंगमध्ये ‘घरचा प्रदेश’ म्हणून जे नकाशे आहेत, त्यांत आयोवा राज्याचे बरेचसे भाग एकाच वेळी सहा संघांचे ‘घर’ ठरतात: शिकागोचे दोन्ही, सेंट लुइस, कॅन्सस सिटी, मिनेसोटा आणि मिलवॉकी. आयोवात एकही मेजर लीग संघ नाही! पैसे भरण्याआधी त्या सेवेच्या पानावर आपला झिप कोड टाकून कोणते संघ बंद आहेत ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे. वर्ल्ड सिरीज मात्र फॉक्सवर, म्हणजे हवेतून.

टेनिसमध्ये ऑस्ट्रेलियन, विम्बल्डन आणि यूएस ओपन ईएसपीएनकडे, फ्रेंच ओपन २०२५ पासून टीएनटीकडे. आता सॉकर, म्हणजे आपल्याकडचा फुटबॉल: इंग्लिश प्रीमियर लीग एनबीसी, यूएसए नेटवर्क आणि पीकॉकवर. चॅम्पियन्स लीग पॅरामाउंट प्लसवर. एमएलएस ही अमेरिकेतली सॉकर लीग ॲपलकडे. २०२६ च्या सॉकर विश्वचषकाचे इंग्रजी हक्क फॉक्सकडे आणि स्पॅनिश टेलेमुंडोकडे. टेलेमुंडोही अँटेनावर येतं, आणि गोल झाल्यावर निवेदक जे काही करतात ते कळायला स्पॅनिश येण्याची गरज नसते.

पायरी ३: अँटेना. ही पायरी वगळू नका

आपल्यातल्या बऱ्याच जणांना अँटेना म्हटलं की गच्चीवरचा, वारा सुटला की फिरणारा, ‘आलं का? आलं का?’ असं खालून ओरडायला लावणारा सांगाडा आठवतो. ते दिवस गेले. अमेरिकेतलं मोठ्या स्टेशनांचं प्रक्षेपण १२ जून २००९ पासून पूर्ण डिजिटल आहे. चित्र येतं तेव्हा स्वच्छ येतं, नाही तर येतच नाही. मुंग्या वगैरे प्रकार नाही. केबलवाला तोच सिग्नल दाबून पाठवतो, त्यामुळे अँटेनाचं चित्र अनेकदा केबलहून चांगलं दिसतं. सुपर बोल, एनबीए फायनल्स, वर्ल्ड सिरीज, ऑलिंपिकचे मुख्य कार्यक्रम हे सगळं याच चॅनेलांवर असतं.

विकत घेण्याआधी एफसीसी या प्रसारणाच्या सरकारी नियामक संस्थेच्या संकेतस्थळावरचा डीटीव्ही रिसेप्शनचा नकाशा उघडा किंवा रॅबिटइअर्स या साइटवर आपला पत्ता टाका. कोणत्या स्टेशनचा मनोरा कोणत्या दिशेला, किती मैलांवर आहे आणि सिग्नल किती जोरकस आहे ते कळतं. न्यू यॉर्कचे मनोरे एम्पायर स्टेट आणि वन वर्ल्ड ट्रेडवर आहेत, लॉस एंजेलिसचे माउंट विल्सनवर, डेन्व्हरचे लुकआउट माउंटनवर. त्या दिशेची खिडकी कोणती, हे आधी शोधा.

आता एक खाच. दुकानात मिळणारे चपटे, कागदासारखे अँटेने यूएचएफ लहरींसाठी (वाहिनी १४ ते ३६) बरे असतात, पण व्हीएचएफला (वाहिनी २ ते १३) ते अनेकदा दगा देतात. न्यू यॉर्कचं एबीसी आजही सात नंबरवर प्रक्षेपित होतं आणि फिलाडेल्फियाचं सहावर, म्हणजे दोन्ही व्हीएचएफ. ‘बाकी सगळं येतं, एबीसीच येत नाही’ ही तक्रार तिथूनच येते. अशा ठिकाणी दोन दांड्यांचा जुना प्रकार, तोच सशाचे कान, जास्त उपयोगी. टीव्हीवर दिसणारा नंबर आणि प्रत्यक्ष वाहिनी वेगळी असू शकते, म्हणून रॅबिटइअर्सवर ‘आरएफ’ हा रकाना बघा.

खोक्यावरच्या ‘२०० मैल’ वगैरे दाव्यांकडे दुर्लक्ष करा. पृथ्वी गोल आहे, आणि घरातला अँटेना तिच्या वळणापलीकडचं पकडत नाही. ॲम्प्लिफायर लगेच घेऊ नका. मनोरा जवळ असेल तर त्याने उलट बिघडतं. लांब वायर टाकायची असेल किंवा एका अँटेनावरून दोन-तीन टीव्ही चालवायचे असतील तरच तो लागतो, कारण साधा दोन फाट्यांचा स्प्लिटरसुद्धा प्रत्येक टीव्हीला निम्म्याहून कमी सिग्नल पाठवतो.

लावण्याची पद्धत: खिडकीपाशी, जमेल तितका उंच, धातूच्या जाळीपासून दूर. टीव्हीच्या सेटिंगमध्ये इनपुट ‘अँटेना’ किंवा ‘एअर’ करा आणि चॅनेल स्कॅन चालवा. जागा बदलली की पुन्हा स्कॅन. किती चॅनेल आली ते महत्त्वाचं नाही, चारच बघायची: सीबीएस, एनबीसी, फॉक्स, एबीसी. ही चार ज्या जागेवर येतात ती जागा पक्की. बाकी खरेदी-विक्रीची आणि प्रवचनांची पन्नास चॅनेल येतील, ती असू देत.

सोसायटीवाले अडवतात म्हणून घाबरू नका. एफसीसीचा १९९६ पासूनचा नियम आहे की फक्त तुमच्याच वापरातल्या जागेत, म्हणजे तुमच्या घरावर, तुमच्या बाल्कनीत, टीव्हीचा अँटेना लावायला एचओए (म्हणजे इथली सोसायटी) किंवा घरमालक सरसकट मनाई करू शकत नाही. भाडेकरूंनाही तो लागू आहे. इमारतीच्या सामायिक गच्चीला मात्र नाही.

रेकॉर्ड करायचं असेल तर टॅब्लो किंवा एचडीहोमरनसारखी पेटी अँटेनाला जोडता येते. काही पेट्यांना एकदाच पैसे, काहींना रेकॉर्डिंगसाठी वर्षाची फीही लागते, पण ते रेकॉर्डिंग कुठल्याही कंपनीच्या भांडणात गायब होत नाही. हा मुद्दा पुढे येईल.

एक इशारा: अँटेनाचं चित्र स्ट्रीमिंगच्या पुढे असतं, कधी अर्ध्या मिनिटाहूनही जास्त. दुसऱ्या राज्यातला भाऊ ॲपवर बघत असेल तर टचडाउन झाल्या झाल्या त्याला मेसेज टाकू नका. मी टाकला होता.

पायरी ४: उरलेलं महिन्याच्या बोलीवर

अँटेनाने काय भागलं ते कागदावर खोडा. आता जे उरलं तेवढ्याचाच विचार. स्ट्रीमिंगचा एकमेव खरा फायदा म्हणजे ते महिन्यापुरतं घेता येतं, आणि नेमका तोच फायदा आपण आळसाने घालवतो.

कॅलेंडरवर मोसम मांडा. एनएफएल सप्टेंबर ते फेब्रुवारी, एनबीए ऑक्टोबर ते जून, बेसबॉल मार्चअखेर ते नोव्हेंबरची सुरुवात, विम्बल्डन जुलैच्या आसपास दोन आठवडे. आता पाहा: ज्याला फक्त टेनिसचे तीन ग्रँड स्लॅम हवेत, त्याला ईएसपीएनची स्वतंत्र सेवा (ऑगस्ट २०२५ मध्ये २९.९९ ला आली) वर्षातून तीन महिने घेतली तर ९० डॉलर. वर्षभर चालू ठेवली तर ३६०. बरोबरचं फॉक्स वन १९.९९ ला आलं, पण ज्याला फक्त मुख्य फॉक्स चॅनेल हवं आणि ज्याचा अँटेना ते पकडतो, त्याने ते घ्यायचं कारण नाही. फॉक्सचं एफएस१ हे केबलवरचं क्रीडा चॅनेल हवं असेल तरच विचार करा.

एकच मॅच हवी असेल तर? २०२५ मध्ये स्लिंग या स्ट्रीमिंग सेवेने ४.९९ डॉलरचा दिवसाचा पास काढला. त्यात ईएसपीएन येतं. चॅनेलवाल्यांना तो इतका झोंबला की ईएसपीएन आणि एबीसीच्या मालक डिस्नेने कोर्ट गाठलं. माझ्या मते अलीकडच्या काळात ग्राहकाच्या बाजूने झालेली ही सगळ्यात सरळ गोष्ट.

माझा नियम असा: सबस्क्रिप्शन घेतल्याच्या दिवशीच ते रद्द करायचं. बहुतेक सेवांमध्ये भरलेला महिना संपेपर्यंत ती चालू राहते, फक्त पुढचे पैसे कापले जात नाहीत. फुकट ट्रायलच्या बाबतीत मात्र आधी अटी वाचा, काही ठिकाणी रद्द केल्या क्षणी बंद होतं. रद्द करणं सोपं असलं पाहिजे असा एफटीसी या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेचा नियम येऊ घातला होता, तो फेडरल कोर्टाने जुलै २०२५ मध्ये रद्द केला. तेव्हा तो भार आपल्यावरच.

पैसे भरण्याआधी तुमच्याकडे आधीच काय आहे ते तपासा. प्राइमचं सदस्यत्व असेल तर गुरुवारचं फुटबॉल आणि एनबीएचा वाटा आलाच. वॉलमार्ट प्लसच्या सदस्यत्वात पीकॉक किंवा पॅरामाउंट प्लस यांपैकी एक मिळतं. टी-मोबाइल अनेक वर्षं बेसबॉलचं पॅकेज ग्राहकांना देत आलंय, पण ते वसंतात ठरावीक दिवसांत ॲपमधून मागावं लागतं. स्पेक्ट्रम केबलचं मोठं टीव्ही पॅकेज असणाऱ्यांना पीकॉक, पॅरामाउंट प्लस, ईएसपीएन असे कितीतरी ॲप त्यातच मिळतात, तरी लोक ते वेगळे विकत घेताना मी पाहिलेत.

पायरी ५: तरी मोठा गठ्ठाच हवा असेल तर

घरात चार जणांचे चार खेळ असतील, तर सुटं सुटं घेणं महाग पडू शकतं. बेरीज करून बघा. ईएसपीएन, फॉक्स वन, पीकॉक आणि पॅरामाउंट प्लस मिळून ७० च्या आसपास जातात, म्हणजे यूट्यूब टीव्हीसारख्या, सगळी चॅनेल एकत्र देणाऱ्या गठ्ठ्याच्या किमतीजवळ. तिथे एक लॉगिन, एक रेकॉर्डिंग, एक रिमोट याला किंमत आहे. फक्त खेळांचे मधले गठ्ठेही आलेत: डायरेक्टटीव्ही या सॅटेलाइट टीव्ही कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये ६९.९९ चा आणला, यूट्यूब टीव्हीने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्वतःचा जाहीर केला. डिस्ने, फॉक्स आणि वॉर्नर मिळून ‘वेन्यू’ नावाची सेवा काढणार होते, ती कोर्टाच्या मनाईनंतर सुरू होण्याआधीच जानेवारी २०२५ मध्ये गुंडाळली.

जुनी केबल घेताना जाहिरातीतला आकडा बघू नका. ‘ब्रॉडकास्ट टीव्ही फी’ आणि ‘रीजनल स्पोर्ट्स फी’ या दोन ओळी बिलात खाली बसलेल्या असतात. पहिली फी म्हणजे अँटेनावर फुकट येणाऱ्या चॅनेलांचेच पैसे. हे दर धरून एकच आकडा दाखवावा असा नियम एफसीसीने मार्च २०२४ मध्ये केला, तेव्हा विक्रेत्याला फोनवर थेट विचारा: ‘सगळं धरून, दुसऱ्या वर्षी किती?’ पहिल्या वर्षाचं विचारूच नका.

पायरी ६: भांडण पेटलं की काय करायचं

चॅनेल आणि केबल कंपन्यांच्या या भांडणांचं मूळ १९९२ च्या केबल कायद्यात आहे. त्या कायद्याने स्थानिक स्टेशनांना निवड दिली. ‘आम्हाला फुकट दाखवलंच पाहिजे’ असं म्हणा, किंवा ‘आमची परवानगी घ्या आणि पैसे मोजा’ असं म्हणा. निवड दर तीन वर्षांनी. मोठी स्टेशनं अर्थातच पैसे मागतात. करार संपला आणि रकमेवर एकमत झालं नाही तर चॅनेल काढून घ्यावं लागतं. ईएसपीएनसारख्या केबल चॅनेलांचे करार वेगळे, पण खेळ तोच.

तारखा बघा म्हणजे चाल कळेल. डिस्ने आणि चार्टर (स्पेक्ट्रम केबलवाली कंपनी): ३१ ऑगस्ट २०२३ ला चॅनेल गेली, ११ सप्टेंबरला, मोसमातल्या पहिल्या सोमवारच्या फुटबॉल सामन्याच्या काही तास आधी परत आली. डिस्ने आणि डायरेक्टटीव्ही: १ ते १४ सप्टेंबर २०२४. डिस्ने आणि यूट्यूब टीव्ही: ३० ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर २०२५, मधले दोन सोमवार गेले. करार संपण्याची तारीख जिथे ग्राहक सगळ्यात जास्त ओरडेल तिथेच येते. तो ओरडा हेच दोघांचं हत्यार.

यातून माझा ठोकताळा असा. देशभर दिसणारं मोठं चॅनेल गेलं असेल तर साधारण दोन आठवडे धीर धरा. दोन्ही बाजूंचं रोजचं नुकसान इतकं असतं की फार ताणत नाहीत. पण प्रादेशिक क्रीडा चॅनेल गेलं तर वाट बघू नका. डेन्व्हरमध्ये नगेट्स (बास्केटबॉल) आणि ॲव्हलांच (हॉकी) हे संघ दाखवणारं अल्टिट्यूड हे चॅनेल २०१९ मध्ये कॉमकास्ट केबलवरून गेलं, ते २०२५ मध्ये परत आलं. मधल्या काळात नगेट्स २०२३ चे विजेते झाले! लॉस एंजेलिसमध्ये डॉजर्स या बेसबॉल संघाचं चॅनेल २०१४ मध्ये निघालं आणि डायरेक्टटीव्हीच्या ग्राहकांना ते २०२० मध्ये मिळालं. त्या संघाचे विन स्कली ६७ मोसम समालोचन करून २०१६ मध्ये निवृत्त झाले. त्यांची शेवटची तीन वर्षं शहरातल्या असंख्य घरांना टीव्हीवर जवळजवळ ऐकताच आली नाहीत.

प्रत्यक्षात करायचं ते असं. पडद्याखाली इशाऱ्याची पट्टी फिरायला लागली की त्याच दिवशी अँटेना लावून तपासा, कारण वाद कुणाचाही असो, हवेतलं स्टेशन बंद होत नाही. त्या चॅनेलची क्लाउडवरची रेकॉर्डिंगं असतील तर बघून घ्या. यूट्यूब टीव्हीच्या वादात डिस्नेच्या चॅनेलांची जुनी रेकॉर्डिंगंही ग्राहकांच्या हातून गेली होती. त्या कंपनीच्या लॉगिनवर चालणारं चॅनेलचं ॲपही बंद पडतं, त्यावर विसंबू नका. चॅनेल गेल्यावर भरपाई मागा. ती अनेकदा आपोआप मिळत नाही. यूट्यूब टीव्हीने २० डॉलर देऊ केले, पण अनेकांना ते खात्यात जाऊन मागावे लागले. मग हव्या त्या मॅचसाठी दिवसाचा पास किंवा एका महिन्याची सेवा घ्या. रागाच्या भरात दुसरीकडे वर्षभराचा करार करू नका. पुढच्या वर्षी त्यांचीही तारीख येईल.

प्रादेशिक चॅनेलांचं चित्र मात्र बदलतंय. सगळ्यात जास्त संघ हाताळणाऱ्या डायमंड स्पोर्ट्सने मार्च २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यानंतर फिनिक्स सन्स हा बास्केटबॉल संघ आणि त्याचे सामने साध्या हवेतल्या स्टेशनवर गेले आणि डॅलस स्टार्सचं हॉकी २०२४ पासून व्हिक्टरी प्लस या फुकट ॲपवर आलं. तुमचा संघ तीन वर्षांपूर्वी कुठे होता यावर जाऊ नका, संघाच्या संकेतस्थळावर यंदाचं पान बघा.

आणि आपलं क्रिकेट

अमेरिकेत क्रिकेटचा मोठा हिस्सा विलो या क्रिकेटच्या चॅनेलकडे आहे. जून २०२४ मध्ये अमेरिकेने डॅलसजवळ पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं, ते त्यावरच पाहिलं. विलो स्वतंत्रही मिळतं आणि काही देशी गठ्ठ्यांतही. गठ्ठ्यात आई-बाबांच्या मालिकांची चॅनेलही लागणार असतील तरच गठ्ठा घ्या. एखादी मोठी स्पर्धा विलोवर आहे की दुसरीकडे, हे स्पर्धेगणिक बदलतं, म्हणून वर्षाचे पैसे एकदम भरू नका. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट आहे आणि ऑलिंपिकचे इथले हक्क एनबीसीकडे आहेत.

ओळखीतून मिळणारा ‘डबा’ घेऊ नका, तो ‘एकदाच पैसे भरा, जगातली सगळी चॅनेल’ वाला. तो बेकायदा तर आहेच, शिवाय सेमीफायनलच्या विसाव्या षटकात बंद पडला तर फोन कुणाला करणार? कार्डाचा नंबर कुणाच्या हातात गेला, तेही कळत नाही.

शेवटचं काम घरच्यांसाठी. एक छोटा कागद घ्या आणि रिमोटच्या मागे चिकटवा: फुटबॉल रविवारी, इनपुट अँटेना. गुरुवारी, प्राइम. क्रिकेट, विलो. कोणतं सबस्क्रिप्शन कोणत्या तारखेला संपतंय तेही पेन्सिलीने खाली. आमच्याकडे तो कागद आल्यापासून ऑफिसात असताना आईचा ‘अरे, मॅच कुठंय?’ असा फोन येणं बंद झालंय. आता ती स्कोअर सांगायला फोन करते, आणि मी रेकॉर्डिंग लावून ठेवलेलं असतं.